नावाड्याच्या कादंबरीची उजळणी

“फोरशॅडोइंग म्हणजे काय? साळवे सरांच्या भाषेत नको, आपल्या भाषेत सांग,” द्वारका म्हणाली.

मी चटईभोवती फेऱ्या मारत होते. आमची पद्धतच तशी होती. एकीने बसून विचारायचं, दुसरीने चालत उत्तर द्यायचं. अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली असेपर्यंतच बसता यायचं, म्हणून आम्ही सकाळीच वर आलो होतो. दुसऱ्या दिवशी बी.ए.चा शेवटचा पेपर होता, अमेरिकन कादंबरीचा.

“पुढे जे घडणार आहे त्याची लेखक आधीच चाहूल देतो, ते फोरशॅडोइंग,” मी म्हटलं. “पहिल्याच प्रकरणात नावेचा दोर झिजलेला दिसतो. शेवटी तोच तुटतो.”

“म्हंजे पाटाला पाणी यायच्या आधी गार वारा येतो तसं. वारा लागला की अण्णा खोरं उचलतात.”

“पेपरात पाट लिहू नकोस म्हणजे झालं.”

“लिहीन की. अमेरिकेत काय पाट नसतात?”

द्वारका मगर अशीच होती. तिचे वडील वरखेडचे पाटकरी. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघायचे. तिला आई नव्हती, भाऊ नव्हता. ती आणि अण्णा, आणि शेजारच्या घरात काका-काकू. इंग्रजीतली कुठलीही संज्ञा वरखेडला नेऊन बांधल्याशिवाय तिच्या डोक्यात राहायची नाही. मी एसटी कंडक्टरची मुलगी, पाठांतरात पटाईत, पण समजण्याच्या नावाने आनंद. तिला समजायचं आणि मला पाठ व्हायचं. दोघी मिळून एक बरी विद्यार्थिनी तयार होत होती, असं साळवे सर तोंडावर म्हणायचे.

कादंबरी होती एका म्हाताऱ्या नावाड्याची. मोठ्या नदीवर तो माणसं या काठाची त्या काठाला नेतो. वरच्या अंगाला पूल बांधला जात असतो. तो फक्त रेल्वेसाठी आहे असं नावाड्याला वाटतं. पूल उघडला की नावेचा परवाना रद्द होणार, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, त्याच्या मुलीलाही ठाऊक असतं, पण त्याला कोणी सांगत नाही. तो आपला नव्या हंगामासाठी नावेला रंग देत बसतो. एवढ्या गोष्टीतून सरांनी प्रतीकं, आयरनी आणि ढीगभर थीम काढल्या होत्या.

“आता सिम्बॉल,” द्वारका म्हणाली, आणि खालून रेक्टर बाईंची हाक आली.

“हेमलता! जरा खाली ये गं. एकटीच ये.”

भालेराव बाई एरवी हाक मारायच्या ती रागवायलाच. आदल्या आठवड्यात मी चोरून शेगडी पेटवली होती, ते कळलं असणार असं धरून मी उत्तरं जुळवत जिना उतरले. पण बाईंनी मला बसायला खुर्ची ओढून दिली. तेव्हाच मी घाबरले.

“द्वारकाचे वडील गेले,” बाई म्हणाल्या.

“कुठे गेले?” मी विचारलं.

खरंच विचारलं. मला ते वाक्य कळलंच नाही. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मग कळलं. 

“पहाटे पाटावरच छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आत्ताच त्यांचा माणूस निरोप घेऊन आला.” बाईंनी दार लोटून घेतलं. “तिच्या काकांनी सांगितलंय, उद्या पेपर होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही. पेपर सुटला की ते स्वतः जीप घेऊन कॉलेजच्या फाटकाशी येतील.”

“पण बाई, वडील आहेत तिचे!”

“म्हणूनच. कळल्यावर ती पेपरला बसेल का? तूच सांग.”

मी काय सांगणार? दिवाळीपासून काकांनी तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं, आणि अण्णा म्हणाले होते, आधी पदवी. त्यावरून दोघा भावांचं बोलणं महिनाभर बंद होतं. आता अण्णाच नव्हते. आणि घरात असा प्रसंग झाला की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणजे द्वारकाला ऑक्टोबरची फेरपरीक्षा मिळणारच नव्हती. उद्याचा पेपर गेला की पदवी गेली. हे मला जेवढं कळत होतं तेवढंच काकांनाही कळलं असणार. भावाशी भांडलेला हा माणूस भावाच्या इच्छेसाठी एवढं करत होता, याचंही मला आश्चर्य वाटलं.

“तू तिच्याजवळून हलायचं नाही,” बाई म्हणाल्या. “अभ्यास चालू ठेवायचा. चकार शब्द काढायचा नाही. आणि आधी तोंड धुऊन घे, असा चेहरा घेऊन वर जाऊ नकोस.”

मी मोरीत जाऊन पाणी मारलं. पुन्हा मारलं. चेहरा काही बदलेना. शेवटी तसाच घेऊन वर गेले.

द्वारका कठड्यापाशी उभी होती. मला बघून चटईवर येऊन बसली.

“काय म्हणाल्या बाई?”

“शेगडी,” मी म्हटलं. “शेगडीवरून बोलल्या.”

“डोळे लाल झाले तुझे. एवढं बोलल्या?”

“फार बोलल्या.”

“असू दे. उद्या सुटलोच आपण. चल, सिम्बॉल.”

मी चालायला लागले.  नदी हे काळाचं प्रतीक, नाव हे माणसाच्या श्रमाचं प्रतीक, घंटा हे... घंटा कशाचं प्रतीक होतं ते मला आठवेना. कालपर्यंत झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

“बोलावण्याचं,” द्वारका म्हणाली. “पलीकडचा माणूस घंटा वाजवतो, मग नावाडी निघतो. अण्णांना रात्री कोणी बांधावरनं हाळी दिली की ते असेच कंदील घेऊन निघतात.”

निघतात, म्हणाली.  मी पाणी प्यायच्या निमित्ताने टाकीमागे गेले आणि ओढणीचा बोळा तोंडात धरून उभी राहिले.

दुपारपर्यंत साऱ्या वसतिगृहाला बातमी लागली होती. बाईंनी कोणाला सांगितलं आणि तिथून ती कशी पसरली देव जाणे. आम्ही ऊन वर आल्यावर खोलीत आलो, तर समोरच्या खोलीतली भारती, जी कधी कोणाला साधा कंगवा द्यायची नाही, ती स्वतःचा टेबलफॅन उचलून घेऊन आली आणि न बोलता आमच्या खोलीत लावून गेली. मेसच्या शांताबाईंनी द्वारकासाठी वेगळा शिरा केला. ज्या मुली आमच्या खोलीवरून गाणी म्हणत जायच्या त्या चवड्यांवर जायला लागल्या. मला वाटत होतं, अगं बायांनो, जरा भांडा, जरा ओरडा, एवढ्या चांगल्या वागू नका. दगडालाही संशय आला असता.

द्वारका शिऱ्याकडे बघून म्हणाली, “पोटात गोळा आलाय परीक्षेचा. तू खा.”

मी शिरा तसाच झाकून ठेवला.

मग आयरनी आली. ती यायलाच हवी होती. हमखास प्रश्न होता तो. मी मुद्दाम टाळून थीमकडे वळायला बघत होते, पण द्वारकाने मला अडवलं.

“आयरनी राहिली. ड्रॅमॅटिक आयरनीची व्याख्या म्हण.”

“ती येते आपल्याला. सोड.”

“येत असली तरी म्हण. सर म्हणालेत ना, सोळा मार्कांना येणार म्हणून.”

मी म्हणायला लागले. “जेव्हा वाचकाला आणि इतर पात्रांना एखादी गोष्ट ठाऊक असते, आणि ज्याच्या आयुष्याची ती गोष्ट आहे त्यालाच...”

पुढे बोलवेना.  मी भिंतीकडे तोंड केलं. पंखा गरगरत होता. मला भयंकर राग आला होता, बाईंचा, काकांचा, त्या अमेरिकन लेखकाचा, साळवे सरांचा. एवढ्या कादंबऱ्या पडल्या होत्या जगात, हीच का लावायची?

“त्यालाच ठाऊक नसते,” द्वारकाने वाक्य पुरं केलं. “म्हणून त्याच्या साध्या बोलण्यालाही वाचकाच्या मनात वेगळा अर्थ येतो. उदाहरण, नावाडी रंग देत असताना मुलीला विचारतो, पुढच्या वर्षी निळा देऊ की हिरवा.” मग ती म्हणाली, “हेमे, इकडं बघ.”

मी बघितलं नाही.

“हेमे, रडायचं थांब. थीम राहिल्यात अजून सगळ्या. मला माहितीये.”

“काय माहितीये?”

“अण्णा गेले ते.”

मी वळले. ती मांडी घालून बसली होती, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून, रोज बसायची तशी. चेहरा कोरडा.  सकाळपासून ती माझ्याकडून प्रतीकं वदवून घेत होती, बगळ्यासारखी स्थिर बसून, आणि तिला माहीत होतं!

“कोणी सांगितलं तुला? भारतीने?”

“कोणी नाही. तू खाली गेलीस तवा मी कठड्यावरनं वाकून बघितलं. फाटकाबाहेर आमचा दत्तूभाऊ उभा होता, भावकीतला. शांताबाईंनी त्याला तांब्या दिला पाण्याचा. सायकलवर आलेला माणूस, एवढं ऊन, घामानं निथळतोय. त्यानं हात जोडले आणि नको म्हणाला.” तिने बोटाने चटईची काडी उपसली. “मढं घरात असल्यावर भावकीतलं कोणी पाणीबी घेत नाही आमच्यात. काका तर मी सुट्टीत बघितलेत, दांडगे आहेत. काकूबी. मग राहिलं कोण?”

“म्हणून तू शिरा...”

“मी कशी खाईन? पाणीबी घेतलेलं नाही.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला कुशीत घ्यावं असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिची भीतीही वाटत होती. माझे वडील गेले असते तर मी वसतिगृह डोक्यावर घेतलं असतं. ही मुलगी दगडाची आहे की काय, असं माझ्या मनात आलं.

“द्वारके, आपण जाऊ या. आत्ता निघू. मी येते तुझ्याबरोबर. संध्याकाळची गाडी मिळेल.”

“आणि पेपर?”

“मरू दे पेपर!”

“मरू दे म्हणून कसं चालंल? गेले की मला परत कोण सोडतंय? तेरावं होईस्तोवर तर सोडणारच नाहीत. मग ते स्थळ येईल. वर्षाच्या आत उरकायचं म्हणतील, आणि त्यांचं चुकतं असंबी नाही, त्यांच्यावर जबाबदारी आली ना आता. मग कुठला ऑक्टोबर आणि कुठलं काय? अण्णांनी माझ्यापायी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. आता एका दिवसासाठी सोडू?”

“मग निदान बाईंना सांगू, तुला कळलंय म्हणून.”

“नको!” तिने माझं मनगट धरलं, चांगलं दुखेल असं. “बाई लगेच निरोप धाडतील. काका न्यायला येतील. ते आल्यावर मला नाही म्हणता येणार नाही, हेमे. मला आत्ताच कसंबसं बसवतंय. तू कोणालाबी बोलायचं नाही. शपथ आहे तुला.”

“पण अण्णा? तुला त्यांना...”

“उद्या बघीन ना. थांबतील ते. आमची आजी गेली तवा आत्या सुरतेला होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पोचली, तोवर आजीला बर्फाच्या लादीवर ठेवलं होतं. अण्णांनी स्वतः तालुक्याहून बर्फ आणला होता टेम्पोत, भुश्शात घालून. लेक आल्याशिवाय कुठं नेतात?” तिचा आवाज तेवढ्यापुरता हलला आणि तिने तो लगेच सावरला. “बाराला पेपर सुटतो. जीपनं एकच्या आत पोचते. तोंड बघीन, पाणी घालीन, आणि सांगीन त्यांना, झाला म्हणून पेपर.”

मला सगळं पटलं. तिने ते इतकं नीट मांडलं होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. काका थांबतीलच, मुलीची पदवी व्हावी म्हणून जो माणूस एवढी तजवीज करतो तो तिच्यासाठी एक दिवस मयत ठेवणार नाही का?

“आता थीम,” द्वारका म्हणाली. “पहिली. प्रगतीची किंमत. चाल, फेऱ्या मार.”

मी उठून फेऱ्या मारायला लागले. प्रगतीची किंमत, माणसाचं एकटेपण, परंपरा आणि यंत्र, बाप आणि मुलगी. शेवटच्या थीमला मी थांबले. तिने हाताने खूण केली, पुढे. नावाड्याची मुलगी बापाला सत्य सांगत नाही ते भित्रेपणाने की प्रेमाने, यावर सरांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे दिले होते. द्वारका म्हणाली, दोन्ही लिहायचे आणि शेवटी प्रेमाने म्हणायचं. तसं ठरलं. संध्याकाळी बाई दारात येऊन डोकावून गेल्या, आमचा अभ्यास बघून त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी मला मानेने शाबासकी दिली. मी मान खाली घातली. त्या खोलीत कोण कोणाला फसवत होतं याचा मला हिशेबच लागेना.

पेपरला आमचे नंबर एकाच हॉलमध्ये होते, मी मागे, ती दोन बाकं पुढे. प्रश्नपत्रिका वाटल्यावर मी आधी आयरनी शोधली. नव्हती. सोळा मार्कांना बाप आणि मुलगी आली होती. मी पुढे बघितलं. द्वारकाने प्रश्नपत्रिका वाचली, पालथी घातली, खांद्यावरून ओढणी मागे टाकली आणि लिहायला लागली. थांबलीच नाही. तिने पुरवणी मागायला हात वर केला तेव्हा बाकीच्या मुली मला मुख्य उत्तरपत्रिकेतच चाचपडताना दिसत होत्या. मी काय लिहिलं ते मला आज आठवत नाही; पास झाले, म्हणजे काहीतरी लिहिलं असणार.

घंटा झाली तशी ती उठली. माझ्यासाठी थांबली नाही. मी पर्यवेक्षकांच्या हातात पेपर कोंबला आणि तिच्यामागे धावले.

फाटकाशी जीप उभी होती. दत्तूभाऊ चाकाला टेकून होता. काका पुढे उभे होते, धिप्पाड माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. भालेराव बाईही आल्या होत्या. मुलीला कसं सांगायचं याची सगळ्यांनी मनात तयारी केलेली दिसत होती, कारण ती जवळ येताच तिघांचेही चेहरे एकदम पडले. काकांनी दोन्ही हात पुढे केले.

“द्वारके, ये बाळा. पेपर चांगला गेला का? आता जरा धीर धर, तुला एक...”

“काका, बर्फ मिळाला का?” द्वारकाने विचारलं.

“कसला बर्फ?”

“अण्णांसाठी. ऊन फार आहे म्हणून विचारते. किती लाद्या लागल्या?”

काकांना काही उमगेना. ते बाईंकडे बघायला लागले, बाई माझ्याकडे.

“तुला... तुला कुणी सांगितलं?”

“मला कालपासून ठाऊक आहे. चला ना लवकर. सगळी खोळंबली असतील.”

ती जीपकडे निघाली. काका जागचे हलले नाहीत. त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडला आणि तोंडावर दाबला. डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं. मिशाही काढलेल्या होत्या. अण्णांना मुलगा नव्हता, अग्नी द्यायचा तो भावानेच.

मला ते बघून समजायला क्षणभर लागला. द्वारकाला तेवढाही लागला नाही. तिचा पाय जीपच्या पायरीवर होता, तो तिथेच राहिला.

“कधी?” तिने विचारलं.

“काल दुपारी,” काका टॉवेलातूनच बोलले. “पोरी, तुला तर कळवायचंच नव्हतं. तू येणार न्हाईस म्हणून... मग थांबायचं कुणासाठी? ऊन लई होतं. लोक म्हणले, उरकून घ्या.”

“मी येणार होते की,” द्वारका म्हणाली.

एवढंच.  बाई “अगं माझ्या बाळे” म्हणत पुढे झाल्या, पण त्यांना हात लावायचा धीर झाला नाही.  एक शब्द. बाईंनी तिला सांगितलं असतं, तिने बाईंना सांगितलं असतं, दत्तूभाऊने पाणी नाकारताना मान वर करून गच्चीकडे बघितलं असतं. कोणीही, कोणालाही, एक शब्द.

“मी येणार होते की, काका. पेपर सुटला की येणारच होते.”

तो एवढा मोठा माणूस फाटकातच, भर धुळीत, मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून लहान मुलासारखा रडायला लागला. येणारी-जाणारी मुलं थबकून बघत होती. दत्तूभाऊने त्यांना धरून उठवलं, स्वतःचे डोळे पुसले आणि जीपचं दार उघडलं.

“चल माय, बैस,” तो द्वारकाला म्हणाला. “बैस लवकर. घरी समदी वाट बघायलीत.”

द्वारकाने पायरीवरचा पाय खाली घेतला.

“आता कशाची घाई आहे, दत्तूभाऊ?” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून तिने प्यायला पाणी मागितलं.